शंभरापलीकडच्या चित्रफितीवरील स्वारी

समस्त जाणत्या मंडळींस, तसेच रिमोट हाती आला म्हणून स्वतःस जाणते समजणाऱ्या मंडळींस, लिहिणाराचा नमस्कार. विशेष. आपण पुसिले की, थोरल्या साहेबांच्या घरी बुधवारपासून रविवारपर्यंत जो संग्राम जाहला त्याचे मूळ काय, तोहमत कोणी कोणावर ठेविली, पेटीने दगा कैसा दिला आणि अखेरीस फत्ते कोणाची, हे तपशीलवार लिहून द्यावे. त्यास, जे घडले ते लिहितो. पदरचे तिखटमीठ लावीत नाही. गरजच पडली नाही, मंडळींनी आधीच भरपूर लावून ठेविले होते.

थोरले साहेब म्हणजे या घरचे कर्ते पुरुष, एका मोठ्या कचेरीच्या दफ्तरखान्यात चौतीस वर्षे कागदांचा सांभाळ करून सहा वर्षांमागे निवृत्त जाहलेले. त्यांच्या कारकिर्दीत एकही कागद हरवला नाही, आणि एकही कागद वेळेवर सापडला नाही, ऐसी त्यांची कीर्ती. कचेरीचा कायदा असा की, फाइल मागणाऱ्याने आधी कचेरीचे पूर्ण नाव घ्यावे, मग खात्याचे, मग विभागाचे, आणि सर्वांत शेवटी विषय बोलावा. नुसता विषय बोलणाऱ्यास साहेब बहिरे होत. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, कायदा मात्र सुटला नाही. घरात मिठाचा डबा मागायचा तरी आधी स्वयंपाकघर, मग फळी, मग डबा ऐशा क्रमाने मागत.

आता वैराचे मूळ ऐका. साहेबांची म्हातारी आई नऊ वर्षे अंथरुणास खिळली होती, आणि तिचे खाणेपिणे, औषधपाणी, उठवणे, बसवणे हे सर्व साहेबांच्या धाकट्या भगिनीने केले. या भगिनी म्हणजे घरच्या आत्याबाई, पेशाने शिवणकाम करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, आणि बोलण्यात कात्रीहून धारदार. आई वारली, त्यानंतर वर्षाने साहेबांचा निरोप समारंभ जाहला, आणि साहेबांनी आभाराचे भाषण केले. आत्याबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्या चहा न घेता उठून गेल्या, आणि घरी जाऊन निरोप धाडिला की, दादाने माईकवाल्यापर्यंत सर्वांचे आभार मानले, माझे नाव तेवढे निघाले नाही. साहेबांनी उलट जबाब धाडिला की, नाव घेतले, किंबहुना पहिले घेतले, तुझेच लक्ष नव्हते. तेव्हापासून सहा वर्षे आत्याबाईंनी या घराचा उंबरठा ओलांडला नाही. राहत होत्या चार गल्ल्या पलीकडे. औषधांच्या दुकानात भावाबहिणीची गाठ पडे, तेव्हा दोघेही आपापल्या बाटलीवरची बारीक अक्षरे मन लावून वाचत.

त्या भाषणाची चित्रफीत होती. ती घरच्या पेटीत होती. पेटी म्हणजे चिरंजिवांची करणी. चिरंजीव पेशाने कचेऱ्याकचेऱ्यांतून संगणकांच्या तारा जोडणारे, त्यांनी एक जुना संगणक चपलांच्या कपाटात वरच्या खणी बसवून त्यास सर्व्हर ऐसा किताब दिला, आणि घरच्या तमाम चित्रफिती, संख्या सहाशे बारा, त्यात कोंबून दिवाणखान्यातील टीव्हीवर पाहण्याचा बंदोबस्त केला. पूर्ण यादी एकदम उघडली की जुनी पेटी धापा टाकून बंद पडे, म्हणून चिरंजिवांनी ती वाट बुजविली आणि फक्त शोधाची चौकट खुली ठेविली. नाव टंकावे, निकाल पाहावा, इतकेच.

नावे ठेवण्याचे काम थोरल्या साहेबांनी स्वतःकडे घेतले. मग काय विचारता. प्रत्येक चित्रफितीचे नाव ‘कौटुंबिक स्मृतिसंग्रह, चित्रफीत विभाग’ या मथळ्याने सुरू व्हावे, आणि विषय त्यापुढे यावा, ऐसे फर्मान काढून साहेबांनी सहाशे बारा वेळा तो मथळा स्वहस्ते टंकिला. टीव्हीवर नावाची जागा चार बोटांची. तीत ‘कौटुंबिक स्मृतिसं’ एवढेच मावे, आणि पुढे तीन टिंबे. सबब कोणतीही फीत शोधा, पडद्यावर एकसारखी नावे एकाखाली एक उभी राहत, आणि कोणती कशाची हे उघडून पाहिल्याखेरीज ब्रह्मदेवासही कळत नसे. साहेबांस हे पाहून फार समाधान वाटे. शिस्त दिसते, म्हणत.

ऐसियास बुधवारी सकाळी साहेबांनी मनसुबा केला की, सहा वर्षांचा तंटा पुराव्यानिशी मिटवावा, आणि आत्याबाईंस फोनवर खलिता धाडिला की, रविवारी अकरा वाजता ये, चित्रफीत दाखवतो, तुझे तूच पाहा. दोन तासांनी जबाब आला. एकच शब्द: येते. साहेबांनी तो आईसाहेबांस, म्हणजे स्वतःच्या पत्नीस, तीन वेळा वाचून दाखविला, आणि चष्मा पुसण्याच्या निमित्ताने बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बहीण घरी यावी ही त्यांची इच्छा होती. ती बिनशर्त सांगण्याची सवय नव्हती, एवढेच.

मग साहेब खासे रिमोट घेऊन शोधास बसले. रिमोटने टंकायचे म्हणजे एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर बाण सरकवीत जाणे. साहेबांनी विषय टंकिला नाही. कायद्याने आधी मथळा. ‘कौटुंबिक’ लिहिण्यास सात मिनिटे लागली, ‘स्मृतिसंग्रह’ लिहिताना दोनदा ऋकाराऐवजी उकार पडला, तो पुसून पुन्हा लिहिला, आणि मथळा पुरा होईतो चहा थंड, दूध उतू, आईसाहेब गरम. अखेर बटण दाबले आणि पेटीने निकाल हजर केले. वर आकडा आला: शंभर. टंकिल्या सहाशे बारा, बाकीच्या कोठे गेल्या हे साहेबांनी पुसिले नाही, यादीने सांगितले ते प्रमाण.

साहेबांनी नोंदवही काढिली, एक ते शंभर रकाने आखिले, आणि एकेक फीत उघडून, ओळखून, रकान्यात खूण करून बंद करू लागले. अंगणातील सायकल शिकणे पाहिले, आजारी मांजर पाहिले, इमारतीचा उद्घाटन सोहळा पाहिला, कपाटाची जुळणी तीन भागांत पाहिली. बुधवार गेला, गुरुवार गेला. शंभरावी फीत उघडली ती गच्चीवरील गळतीची पाहणी निघाली, बावीस मिनिटे, आवाजाविना. निरोप समारंभ कोठेच नाही. पुरावा दाखवतो म्हणून बोलावून बसले, आणि पुरावाच गायब. आता रविवारी बहीण आली तर काय दाखवावे, गळती?

माणसास आपली चूक सापडेना की दुसऱ्याची सापडते. साहेबांस स्मरले की, गेल्या महिन्यात सूनबाईंनी पेटीतील दुबार फिती काढून जागा मोकळी केली होती. झाले. शुक्रवारी सकाळी, सूनबाई कामास निघण्यासाठी चपला शोधीत असता, साहेबांनी दिवाणखान्यातून जाहीर केले की, या घरातील अमुक एक महत्त्वाचा दस्तऐवज अमुक एका व्यक्तीच्या स्वच्छतेच्या हौसेत नष्ट जाहला आहे, आणि त्या व्यक्तीने तो सहा वर्षांचा वैराचा विस्तव पुन्हा फुंकिला आहे. घरात व्यक्ती चार. त्यांपैकी स्वच्छतेची हौस असलेली एक. नाव घेण्याची गरज नव्हती, आणि नाव न घेण्यात साहेब तरबेज.

सूनबाई पेशाने रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. दिवसाकाठी दोनशे नळ्या हाताखालून जात. त्या चपला हाती घेऊन तशाच आत आल्या, भांडल्या नाहीत, फक्त नोंदवही मागितली आणि उभ्याउभ्या चाळिली. मग एक सवाल केला.

“बाबा, या शंभरात माझं आणि ह्यांचं लग्न कुठाय? ते पण मीच पुसलं का?”

साहेबांनी वही परत घेऊन पाहिले. लग्न नव्हते. चिरंजिवांचा पहिला वाढदिवसही नव्हता. यादी अकाराने सुरू होऊन गकारावर संपत होती, जणू या घरात घ पासून ह पर्यंत काही घडलेच नाही. साहेब म्हणाले की, म्हणजे तेही गेले, आणि तोहमतीत दोन कलमे वाढविली.

सूनबाईंनी त्या दिवशी अर्धा तास उशीर पत्करिला. रिमोट घेतला आणि शोधाच्या चौकटीत नुसते ‘म’ टंकिले. निकाल शंभर. पुसून ‘र’ टंकिले. शंभर. पुसून ‘स’ टंकिले. शंभर. मग सांगितले की, आमच्या इथे एखादे यंत्र ज्याचे त्याचे रक्त घालावे आणि एकच आकडा दाखवू लागले, तर आम्ही पेशंटला औषध देत नाही, यंत्र बंद करतो. फिती सहाशांवर आहेत. ही पेटी मोजत नाही. शंभरावर थांबते, आणि थांबले हे सांगत नाही. एवढे बोलून त्या बसथांब्याकडे गेल्या. दार मात्र जरा जोरात लागले.

साहेबांनी ही मसलत लगेच मान्य केली असती तर ही बखर इथेच संपती. परंतु चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी कोणतीही यादी अर्धवट असू शकते हे कबूल केले नव्हते. तोहमत मागे घेतली नाही, ‘तूर्त स्थगित’ असा शेरा मारिला, आणि पेटीचे निर्माते म्हणून चिरंजिवांस हुजुरात बोलाविले.

चिरंजीव आले ते लॅपटॉप, दोन वायरी आणि बराच आत्मविश्वास घेऊन. आधी म्हणाले, पाच मिनिटांचे काम. मग सेटिंगांच्या मुलुखात शिरले. तेथे पडद्याचा रंग बदलण्यास अकरा मार्ग होते, चित्रफितीवर बर्फ पाडण्याची सोय होती, निकालांची मर्यादा वाढविण्याची नव्हती. मग मूळ डिस्क उघडिली, तो तेथे फायलींची नावे कॅमेऱ्याने दिलेली, नुसते आकडे, कारण थोरल्यांनी ठेविलेली नावे फक्त पेटीच्या सॉफ्टवेअरास ठाऊक. मग ते आज्ञावली बनविणाऱ्यांच्या दरबारी पत्र टाकून बसले. शनिवारी दुपारी जबाब उतरला. त्याचा मतलब असा की, आपण कळविलेली गोष्ट बिघाड नसून रचना आहे. शंभरांहून अधिक निकाल दाखविले असता वापरणाराचा गोंधळ होतो, असे आमच्या पाहणीत आढळले. आपणांस शंभरांत न सापडणारी वस्तू बहुधा आपणांस नकोच असते. खाली पाच तारे होते, आणि आमची सेवा कैसी वाटली ते कळवावे, ऐसी विनंती होती. चिरंजिवांनी कळविले. काय कळविले ते बखरीत लिहिता येत नाही.

मग चिरंजिवांनी नवा मनसुबा मांडिला की, जुनी पेटी मोडून नवी घ्यावी, नवे सॉफ्टवेअर चढवावे, आठ दिवसांत सर्व सुरळीत. साहेब गरजले की, उद्या अकरा वाजता बहीण येणार, आणि तुझे आठ दिवस घेऊन मी काय करू. पितापुत्रांची शाब्दिक चकमक उडाली, तीत पेटी, चपलांचे कपाट, शिक्षणावरचा खर्च आणि एकदा हरवलेली छत्री ही सर्व ठिकाणे खर्ची पडली.

आईसाहेब तोवर कपडे घड्या करीत होत्या. या घरातील चार दिवसांची मोहीम त्यांनी घड्या करतकरत पाहिली होती. त्यांनी एक टॉवेल खाली ठेविला आणि विचारले की, त्या फितीचे नाव काय. साहेबांनी सुरू केले, कौटुंबिक स्मृतिसंग्रह, चित्रफीत विभाग…

“ते नको. शेवटचं सांगा.”

साहेब म्हणाले, निरोप समारंभ, स्वतःचा. आईसाहेब म्हणाल्या की, मग एवढेच लिहा ना. साहेब म्हणाले, मथळ्याविना मागणी नियमबाह्य आहे. आईसाहेबांनी दुसरा टॉवेल उचलला.

“अहो, तुम्ही रिटायर झालात. आता नुसतं नाव घ्यायला काय हरकत आहे?”

हा वार वर्मी बसला. साहेबांनी रिमोट घेतला, आणि आयुष्यात प्रथमच मथळा गाळून, चोरी करीत असल्यासारखे मागे वळून पाहत, ‘निरोप’ ही तीन अक्षरे टंकिली. निकाल दोन. पहिला उघडून पाहिला, तो निरोप, जुन्या स्कूटरचा. सबब दुसरा, निरोप समारंभ, स्वतःचा. चार दिवस, एक नोंदवही, एक पत्रव्यवहार आणि एका सुनेची अब्रू खर्च करून जे मिळाले नाही, ते तीन अक्षरांत हजर जाहले. चिरंजीव म्हणाले की, हे मी सुचवणारच होतो. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

सूनबाईंनी फीत लावा म्हटले. साहेबांनी मनाई केली. पुरावा उभय पक्षांसमोरच उघडावा, आधी पाहिला तर त्याची किंमत जाते, हा दफ्तरखान्याचा नियम. स्वतः काय बोललो ते त्यांस पाठ होते, पहिले नाव बहिणीचे, दुसरे आईचे. त्यांनी रिमोटच्या बॅटऱ्या काढून खिशात घातल्या आणि शांत झोपले. गेल्या सहा वर्षांत इतके शांत झोपले नव्हते, असे आईसाहेब सांगतात.

रविवारी अकराला पाच कमी असता आत्याबाई आल्या. सोफ्याच्या कडेला बसल्या, पाठ टेकली नाही, पर्स मांडीवरच ठेविली. पाणी दिले, ते घेतले नाही. साहेबांनी बॅटऱ्या घातल्या, घसा साफ केला, आणि न्यायाधीश निकाल वाचतो त्या ऐटीने बटण दाबले.

पडद्यावर सहा वर्षांपूर्वीचे साहेब उभे, केस थोडे अधिक, हाती कागद. आभार सुरू जाहले. मोठ्या साहेबांचे आभार. छोट्या साहेबांचे. शिपायाचे, चहा आणणाऱ्याचे, दफ्तरखान्यात वाळवीचे औषध मारणाऱ्याचे, नावानिशी, आडनावानिशी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचे. आज अंगावर जो सदरा आहे त्यास इस्त्री करून देणाऱ्याचे, त्याच्या सेवाभावाविषयी चार वाक्यांसह. तो सदरा आत्याबाईंनी शिवला होता. तिसऱ्या रांगेत त्या दिसत होत्या, हात मांडीवर, मान थोडी पुढे, जणू आता येईल, आता येईल. माईकवाल्याचे आभार जाहले. मग पडद्यावरच्या साहेबांनी घड्याळ पाहिले, कागद उलटायला घेतला, अर्धा उलटला, आणि घडी करून खिशात ठेविला. म्हणाले की, यादी मोठी आहे, पण वेळेअभावी इथेच थांबतो, ज्यांची नावे राहिली त्यांनी ती घेतली असे समजावे. टाळ्या. फीत संपली.

पेटी निदान पेटी होती. तिला शंभरावर थांबायला कोणीतरी सांगून ठेविले होते.

साहेबांनी फीत मागे नेली आणि कागद अर्धा उलटतो ती जागा पुन्हा पाहिली. पुन्हा मागे नेली. तिसऱ्या वेळी मागे नेऊ लागले, तेव्हा सूनबाईंनी रिमोट हळूच काढून घेतला.

आत्याबाई बोलल्या. आवाज चढला नाही.

“त्यात माझं नाव नाही हे मला माहीतच होतं, दादा. मी तिथेच बसले होते. आज आले ते तू बघावंस म्हणून.”

साहेब म्हणाले की, दुसऱ्या पानावर पहिलेच नाव तुझे होते. ते मी इतक्या वेळा मनात वाचले होते की बोललो असेच वाटत राहिले. आत्याबाई म्हणाल्या की, असेल. त्यांनी पर्स उचलली नाही, पण पट्टा हातात घेतला.

तेव्हा साहेब उठले. टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले, निरोप समारंभात उभे होते तसेच, दोन्ही हात बाजूला. मथळा नाही, विभाग नाही, कागदही नाही.

“नऊ वर्षं आईचं सगळं हिनं केलं. मी फक्त नोकरी केली. चुकलो गं मी. आणि सूनबाई, तुझ्यावरही उगाच आळ घेतला. तुझ्या बाबतीतही चुकलो.”

टाळ्या जाहल्या नाहीत. आईसाहेब पदराने डोळे पुसत आत गेल्या, आणि चिरंजीव काही तांत्रिक बोलू पाहत होते त्यांस सूनबाईंनी डोळ्यांनीच गप्प केले. आत्याबाईंनी पर्सचा पट्टा सोडिला. मग म्हणाल्या की, बस आता खाली, गुडघे दुखतील. आणि सोफ्याला पाठ टेकली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, त्याची नोंद अशी. शत्रू जी शंभरांची मर्यादा, ती अद्याप जशीच्या तशी आहे, तिला ओरखडाही गेला नाही. सूनबाई निर्दोष ठरल्या, तोहमतीवरील ‘तूर्त स्थगित’ हा शेरा खोडून ‘माझी चूक’ असा शेरा साहेबांनी सहीनिशी मारिला. साहेबांचा पूर्ण पराभव जाहला, आणि तो त्यांनीच घडवून आणिला, सबब श्रेय त्यांसच द्यावे. आईसाहेबांच्या टॉवेलांच्या घड्या पुऱ्या जाहल्या. आत्याबाई त्या दिवशी सहा वर्षांनी घरी जेवल्या, दोनदा भात घेतला, आणि कालवणात मीठ कमी आहे ऐसे स्पष्ट सांगितले. हे लिहिणाराने स्वतः ऐकिले. कमी होते.